आधी कोणी जायचं?

राग येतो, गैरसमज होतो, वाद पेटतो. या आपोआप घडणाऱ्या गोष्टी आहेत. अबोला मात्र धरावा लागतो, आणि सोडावाही लागतो. मराठीने त्याला दिलेली ही दोन क्रियापदं पाहिली की कळतं, अबोला म्हणजे कुणीतरी रोज नव्याने मुठीत घट्ट धरून ठेवलेली वस्तू आहे. घरातला अबोला चार दिवसांत सैल होतो, कारण जेवायला एकाच ठिकाणी बसायचं असतं. कामाच्या ठिकाणचा अबोला वर्षानुवर्षं टिकतो. शिरोली, गोकुळ शिरगावच्या कारखान्यांत, साखर कारखान्याच्या ऑफिसात, शाळेच्या शिक्षकखोलीत, आणि लपवण्यात अर्थ नाही, चर्चच्या कमिटीतसुद्धा, दोन हातांवर बसलेल्या माणसाला निरोप तिसऱ्यामार्फत जातो. कागद वेळेवर सरकत नाही, साहेबांचे कान भरले जातात, आणि नव्याने लागलेल्या पोरालाही आठवड्याभरात कळतं की आपल्याला यांच्या नाहीतर त्यांच्या गटात बसावं लागणार. कोल्हापुरात ईर्षा हा वाईट शब्द मानत नाहीत. तालमींनी आणि पेठांच्या फुटबॉलने तिला मान दिला आहे. पण शाहू महाराजांनी १९१२ साली बांधून घेतलेल्या खासबाग मैदानातल्या ईर्षेला सलामी असते, पंच असतो, आणि कुस्ती निकाली झाली की माती झटकून दोघेही मोकळे होतात. ऑफिसातल्या ईर्षेला यातलं काहीच नसतं. ती कुणीतरी थांबवावी लागते. मग प्रश्न उरतो: आधी कोणी जायचं?

ज्याची चूक त्याने, हे आपलं नेहमीचं उत्तर. ते न्याय्य वाटतं, पण त्याने काम होत नाही, कारण भांडणातल्या दोघांचीही मनापासून खात्री असते की चूक समोरच्याची आहे. मग दोघेही न्यायाने वागतात आणि दोघेही जागच्या जागी बसून राहतात. ख्रिस्ती शास्त्राचं उत्तर या जागी वेगळं आहे, आणि माझ्या मते ते अधिक व्यवहारी आहे. मत्तयाच्या शुभवर्तमानात येशूच्या दोन सूचना आहेत, तेरा अध्यायांच्या अंतरावर. पाचव्या अध्यायात तो सांगतो की देवाला अर्पण वाहताना आठवलं की भावाच्या मनात आपल्याविषयी काही सल आहे, तर अर्पण तिथेच ठेवावं आणि आधी समेट करून यावं. अठराव्या अध्यायात तो सांगतो की भावाने आपला अपराध केला असेल, तर आपण त्याच्याकडे जावं, एकटं जावं, आणि दोघांतच बोलावं. दोन्ही सूचना शेजारी ठेवून वाचल्या की त्यांतली रचना दिसते. माझ्याकडून दुखावलं गेलं असेल तरी मी जायचं, मी दुखावलो असेन तरी मीच जायचं. वाट पाहत बसण्याची जागा कुणालाच शिल्लक ठेवलेली नाही. नम्रतेला आपण स्वभाव समजतो, काहींना जन्मतः मिळालेला मऊपणा समजतो. इथे मात्र ती पायांनी करायची गोष्ट आहे. तिच्यात जाण्याची दिशा आहे, क्रम आहे, आणि पहिल्या भेटीला तिसरं माणूस नसावं अशी अटही आहे.

त्या जाण्याची किंमतही ऐकणाऱ्यांना नेमकी ठाऊक होती. वेदी होती ती एकट्या यरुशलेमेत. ऐकणारे होते गालीलातले, म्हणजे काही दिवसांच्या पायवाटेवरचे. कोल्हापूरहून पायी पंढरपूर गाठलेल्या माणसाला महाद्वारात सांगावं की गावाकडे कुणाच्यातरी मनात तुझ्याविषयी अढी आहे, आधी परत जा, दर्शन नंतर, तसं ते सांगणं आहे. इतकी गैरसोय सोसून जायचं, कारण समेट हा भक्तीच्या आधीचा भाग मानला आहे. रविवारी चर्चमध्ये बसून सोमवारचा अबोला धरून ठेवणाऱ्याला या वचनातून पळवाट नाही.

नम्रता म्हणजे स्वतःला कमी लेखणं, अशी एक समजूत सगळीकडे पसरलेली आहे. मला वाटतं, आपल्या माहितीची मर्यादा ओळखणं हा तिचा खरा अर्थ आहे. कोल्हापूरच्या फाउंड्री व्यवसायात याचा पुरावा रोज सापडतो. कास्टिंगमध्ये ब्लो होल निघालं की मोल्डिंगवाला धातूकडे बोट दाखवतो, भट्टीवाला वाळूकडे, आणि दिवसपाळी रात्रपाळीकडे. धातुशास्त्र सांगतं की तो दोष वाळूतल्या जादा ओलीमुळे येऊ शकतो, वायूला बाहेर पडायला वाट अपुरी ठेवल्यामुळे येऊ शकतो, धातूतल्या वायूमुळे किंवा ओततानाच्या कमी तापमानामुळेही येऊ शकतो. बरेचदा यांतली दोन कारणं एकत्र असतात. आपल्या हातातलं काम तेवढं आपल्याला दिसतं, दुसऱ्याच्या हातातलं दिसत नाही. म्हणून ‘माझ्याकडून काय राहिलं असेल?’ हा प्रश्न आधी विचारणारा कामगार रिजेक्शनचं कारण इतरांच्या आधी शोधतो. माणसांमधल्या बिघाडालाही हेच लागू पडतं. शस्त्रक्रियागृहात तर याचं मोजमाप झालेलं आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २००८ साली एकोणीस मुद्द्यांची तपासणी यादी आणली. तिच्यात एक मुद्दा असा की चीर देण्यापूर्वी खोलीतल्या प्रत्येकाने आपलं नाव आणि काम सांगावं. आठ देशांतल्या आठ रुग्णालयांत ती वापरून पाहिली. दिल्लीचं सेंट स्टीफन्स हे मिशनने उभारलेलं रुग्णालय त्यांपैकी एक. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत मृत्यूचं प्रमाण दीड टक्क्यावरून ०.८ टक्क्यावर आलेलं दिसलं. ते सगळं श्रेय नाव सांगण्याला देता येणार नाही, यादीत इतर पुष्कळ गोष्टी होत्या. पण मोठ्या सर्जनला थांबवून नर्स बोलू शकते, हे गृहीत धरल्याशिवाय ती यादी चालत नाही, एवढं नक्की.

आता कोल्हापूरचंच उदाहरण. ते सुखद नाही, म्हणून जास्त उपयोगाचं आहे. रॉयल वाइल्डर हे अमेरिकन मिशनरी १८४६ मध्ये हिंदुस्थानात आले, काही वर्षं अहमदनगरला होते, आणि १८५२ मध्ये त्यांनी कोल्हापुरात काम सुरू केलं. त्यांना पाठवणारी संस्था बोस्टनची, अमेरिकन बोर्ड. तिचे परराष्ट्र सचिव रूफस अँडरसन हे त्या काळातले मिशनकार्याचे सर्वांत मोठे विचारवंत. दोघेही एकाच कामाचे कामकरी, एकाच श्रद्धेचे, आणि दोघेही प्रामाणिक. अँडरसन यांचं मत असं की परदेशी मिशनने शाळांवर, विशेषतः इंग्रजी शिक्षणावर, पैसा आणि माणसं खर्च करू नयेत. मातृभाषेत उपदेश करावा आणि स्थानिक मंडळ्या स्वतःचा कारभार पाहतील, स्वतःचा खर्च उचलतील, स्वतः प्रसार करतील अशा रीतीने उभ्या कराव्यात. वाइल्डर यांचं मन शाळांत होतं. १८५४-५५ मध्ये अँडरसन शिष्टमंडळ घेऊन हिंदुस्थानात आले आणि मराठी मिशनच्या धोरणाची दिशा बदलली. पुढे वाद वाढत गेला आणि १८६० पर्यंत वाइल्डर यांचा बोर्डाशी संबंध तुटला. १८६१ मध्ये ते कोणत्याही संस्थेच्या आधाराविना कोल्हापुरात परतले. दोन्ही बाजूंचं म्हणणं छापील पत्रकांतून लोकांपुढे गेलं. १८७० मध्ये प्रेस्बिटेरियन बोर्डाने त्यांना आपल्यात घेतलं. अमेरिकेला परतल्यावर त्यांनी १८७८ मध्ये ‘मिशनरी रिव्ह्यू’ हे नियतकालिक काढलं, १८८७ मध्ये मृत्यू येईपर्यंत चालवलं, आणि त्यातून मिशन बोर्डांच्या कारभारावर ते सतत कठोर टीका करत राहिले.

या वादात बरोबर कोण होतं? दीडशे वर्षांनी पाहता दोघेही होते. परक्या पैशावर उभी राहिलेली मंडळी पैसा आटला की कशी डळमळते, हे अँडरसन यांनी आधीच ओळखलं होतं. शाळा आणि दवाखाने काढून टाकले तर कोल्हापूर-मिरज भागातल्या ख्रिस्ती समाजाच्या हाती काय उरलं असतं, हा वाइल्डर यांच्या बाजूचा प्रश्न तितकाच खरा आहे. एस्तेर पॅटन शाळा किंवा विल्यम वॉनलेस यांनी मिरजेत १८९४ साली सुरू केलेलं रुग्णालय यांच्याशिवाय इथल्या मिशनचा इतिहास सांगता येत नाही. म्हणजे प्रत्येकाला अर्धं दिसत होतं. अँडरसन भेटायला आलेच नाहीत असंही म्हणता येत नाही. पण तपासणीला आलेलं शिष्टमंडळ वेगळं आणि भावाकडे एकटा गेलेला भाऊ वेगळा. ज्याच्या हाती नेमणूक, पैसा आणि परतीचं तिकीट आहे, त्याच्यासमोर दुसरा माणूस मोकळेपणाने बोलत नाही, बचाव करतो. आणि वाद छापखान्यात गेला की दोघांनाही माघार अवघड होते, कारण आता वाचणारे बघत असतात. आजच्या ऑफिसात छापखान्याची जागा व्हॉट्सअॅपच्या ग्रुपने आणि दहाजणांना प्रत धाडलेल्या ई-मेलने घेतली आहे. पहिली भेट दोघांतच व्हावी ही मत्तयातली अट किती शहाणपणाची आहे, हे इथे कळतं. दुसऱ्याला मान खाली न घालता मत बदलता यावं, यासाठी ती अट आहे.

या सगळ्यावर सर्वांत गंभीर आक्षेप असा, की नम्रता नेहमी खालच्यालाच शिकवली जाते. हा आक्षेप मी हलका मानत नाही. दक्षिण महाराष्ट्रातल्या ख्रिस्ती मंडळ्यांत बहुसंख्य घरं अशी आहेत, ज्यांच्या पूर्वजांना गावगाड्याने पिढ्यान्‌पिढ्या वाकायलाच लावलं. जोहार घालणाऱ्या माणसाला नम्रतेचा धडा देणं हे अन्यायाच्या बाजूने उभं राहणं आहे. कोल्हापूरच्या स्मृतीत गंगाराम कांबळे यांची हकिगत आहे. छत्रपतींच्या पागेत ते नोकर. पाण्याला शिवल्यावरून बरोबरच्याच सवर्ण नोकरांनी त्यांना मारलं. सहकाऱ्यांमधल्या संघर्षाचं याहून उघडं उदाहरण कोल्हापुरात शोधून सापडणार नाही. इथे कांबळ्यांनी पडतं घ्यावं असं कोण म्हणेल? शाहू महाराजांनी मारणाऱ्यांना शिक्षा केली, कांबळ्यांना भांडवल देऊन भर शहरात चहाचं दुकान काढून दिलं, आणि गाडी थांबवून स्वतः त्यांच्या हातचा चहा घेऊ लागले. राजाने तो चहा घेतल्यावर दरबारी मंडळींना नाही म्हणणं जड गेलं. शाहू महाराज ख्रिस्ती नव्हते, आणि त्यांना कोणत्याही पंथाच्या खात्यावर मांडण्याचा माझा हेतू नाही. पण योहानाच्या शुभवर्तमानात गुरू उठून, कमरेला रुमाल बांधून शिष्यांचे पाय धुतो, तेव्हा नम्रतेची दिशा तीच आहे, वरून खाली. शिष्यांनी गुरूचे पाय धुतले असते तर त्यात लिहून ठेवण्यासारखं काही नव्हतं. म्हणून ‘आधी कोणी जायचं’ याच्या उत्तराला मी एक पुस्ती जोडतो: ज्याच्या हाती अधिक सत्ता, त्याच्यावर आधी जाण्याचा भार अधिक.

नम्रता आणि आज्ञाधारकपणा यांची गल्लत ख्रिस्ती संस्थांनीही केली आहे. पंडिता रमाबाईंनी ती सोसली. १८८३ मध्ये इंग्लंडात वाँटेज इथल्या भगिनीसंघाकडे असताना त्यांनी बाप्तिस्मा घेतला, आणि पुढच्या दोन-तीन वर्षांत त्या संघातल्या सिस्टर जेराल्डिन यांच्याशी त्यांचे तीव्र मतभेद झाले. काही धर्ममतं त्यांच्या बुद्धीला पटत नव्हती. चेल्टनहॅमला त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवावं का, यावर बिशपांनी हरकत घेतली होती. रमाबाईंवर अहंकाराचा ठपका आला. त्यांनी उत्तरं दिली ती खणखणीत: आपली सदसद्विवेकबुद्धी आपण कुणाच्या स्वाधीन केलेली नाही, असा त्यांचा रोख होता. पण दोघींनी पत्रं लिहिणं थांबवलं नाही. तो पत्रव्यवहार पुढे तीन दशकांहून अधिक काळ चालला. आणि जेराल्डिन यांनी ती सारी पत्रं जपून ठेवली, क्रमाने लावली, त्यांत स्वतःला दिलेली रमाबाईंची बोचरी उत्तरंही ठेवली. अ. भि. शहा यांच्या संपादनाखाली ती १९७७ मध्ये महाराष्ट्रात ग्रंथरूपाने आली, आणि आज वाचक बहुधा रमाबाईंच्या बाजूने उभा राहतो. आपल्याविरुद्धचा पुरावा सांभाळून पुढच्यांच्या हाती देणं, यात मला जेराल्डिन यांची नम्रता दिसते. रमाबाईंची नम्रता खरं बोलण्यात आणि बोलणं चालू ठेवण्यात होती. दोन्ही एकाच गुणाची रूपं आहेत, आणि दोन्हींत गप्प बसणं नाही.

त्याचबरोबर काही प्रकारांत ‘एकट्याने जा’ हे वचन लावणं घातक ठरेल, हेही स्पष्ट म्हणायला हवं. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाबाबतचा २०१३ चा कायदा तडजोडीला जागा देतो, पण पीडित स्त्रीने स्वतः मागणी केली तरच, आणि पैशाच्या व्यवहारावर समेट करायला मनाई करून. मला यात शास्त्राशी विरोध दिसत नाही. मत्तयातला तोच अठरावा अध्याय पुढे सांगतो की ऐकलं नाही तर दोघा-तिघांना बरोबर घे, तरीही नाही तर मंडळीपुढे मांड. जिथे अंगावर हात टाकला जातो, पगार बुडवला जातो, जातीवरून बोललं जातं, तिथे तक्रार अर्ज, समिती आणि कोर्ट हेच योग्य मार्ग. नम्र माणूस तक्रार करत नाही, हा समज दुष्टांच्या सोयीचा आहे.

दुसरा आक्षेप श्रद्धेबद्दलचा. कोल्हापूरच्या कुठल्याही ऑफिसात ख्रिस्ती माणूस बहुधा एकटा-दुकटा असतो. शेजारचा जोतिबाचा भक्त, पलीकडचा मुसलमान, समोरचा काहीच न मानणारा. तिथे ख्रिस्ती श्रद्धेने काय करायचं? माझं उत्तर, ती आपल्या बाजूपुरती वापरायची. मत्तयातली सूचना ‘तू जा’ अशी आहे, ‘त्याला यायला लाव’ अशी नाही. समोरच्याने माझा धर्म मानावा लागत नाही, मीच तो मानावा लागतो. समेटाच्या बैठकीत उपदेश करू लागणारा माणूस खरं तर पुन्हा वरच्या पायरीवर चढलेला असतो. आणि या मातीत ही गोष्ट परकी नाही. वारीत दोन वारकरी भेटले की दोघेही एकाच वेळी एकमेकांच्या पायांवर वाकतात. वय, जात, हुद्दा कुणी विचारत नाही, आणि आधी कोण वाकलं हे पाहणाऱ्यालाही सांगता येत नाही. ख्रिस्ती मराठी कवी नारायण वामन टिळक आपण तुकोबांच्या वाटेने ख्रिस्तापर्यंत आलो असं सांगत, त्यामागे अशीच काही ओळख असावी. ज्या ऑफिसात साहेबाच्या पाया पडण्याची चढाओढ आहे पण शेजाऱ्याला नमस्कार नाही, तिथे वारकऱ्याची आणि ख्रिस्ताची शिकवण एकाच बाजूला उभी राहते.

आणि हे करूनही जमलं नाही तर? नवा करार याबाबतीत आश्चर्य वाटावं इतका मोकळा आहे. पौल आणि बर्णबा यांच्यात, तरुण मार्काला बरोबर घ्यावं की नाही यावरून इतकं बिनसलं की दोघे दोन वाटांनी गेले. प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाने ते लपवलं नाही. अंत्युखियात पौलाने पेत्राला चुकीबद्दल सुनावलं तेही तोंडावर, सर्वांदेखत, कारण चूकही सर्वांदेखत झाली होती. वेगळं होणं म्हणजे हरणं नव्हे. वेगळं झाल्यावर एकमेकांविषयी आपण काय बोलतो, त्यावर पुढचं ठरतं. पौलाच्या पुढच्या पत्रांत बर्णबाचं नाव बरोबरीच्या कामकऱ्यासारखं येतं, आणि तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात तोच मार्क कामाला उपयोगी आहे, त्याला घेऊन ये, असा निरोप आहे. वाइल्डर यांना ही दुसरी पायरी साधली नाही, असं त्यांच्या नियतकालिकाकडे पाहून म्हणावं लागतं. ती साधायला त्यांच्या वारसांना पुष्कळ वेळ लागला. १९२४ मध्ये प्रेस्बिटेरियन आणि काँग्रिगेशनल मंडळ्या एकत्र येऊन उत्तर भारताची संयुक्त मंडळी झाली, म्हणजे वाइल्डर यांना आश्रय देणाऱ्यांचे आणि त्यांना दूर करणाऱ्यांचे वारस एका छताखाली आले. १८७० मध्ये इंग्लंडच्या चर्चची एस.पी.जी. ही संस्था कोल्हापुरात उतरली, तेव्हा वाइल्डर यांनी आपल्या क्षेत्रात ही दुसरी चूल कशाला म्हणून विरोध केला होता. बरोबर शंभर वर्षांनी, २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात, अँग्लिकन आणि संयुक्त मंडळी यांच्यासह सहा परंपरांनी मिळून चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन केलं. त्यासाठीची बोलणी १९२९ पासून चालू होती. सगळ्याच मंडळ्या त्यात गेल्या नाहीत, आणि मालमत्तेचे खटले देशभर कोर्टात लढले गेले. पण चाळीस वर्षं एका टेबलाशी बसून राहणारी माणसं होती, हे खटल्यांच्या बातम्यांत विसरलं जातं.

अशी माणसं भांडणाऱ्या दोघांत क्वचितच असतात, बहुतेक वेळा ती तिसरी असतात. फिलिप्पैच्या मंडळीत युवदीया आणि सुंतुखे या दोन बायका होत्या, पौलाच्या खांद्याला खांदा लावून कष्ट केलेल्या. त्यांचं बिनसलं होतं. कशावरून, ते पत्रात नाही. पौल तुरुंगातून लिहितो आणि विनंती दोघींना वेगवेगळी करतो, एकीला आधी आणि तिच्याच भरवशावर दुसरीला नव्हे. क्रियापद दोनदा वापरतो. पत्र मंडळीत मोठ्याने वाचलं जाणार होतं, दोघी बहुधा तिथेच बसलेल्या असणार. मग तो तिसऱ्या एकाला सांगतो की या दोघींना हात दे. त्याला तो जो शब्द वापरतो त्याचा मूळ अर्थ एकाच जुवाखालचा जोडीदार असा आहे. ऑफिसात हा तिसरा रोज असतो. दोघांकडूनही चहाच्या टपरीवर ऐकून घेणारा तोच असतो. ऐकलेलं तो इकडून तिकडे पोचवू शकतो, किंवा दोघांना एका बाकावर बसवून स्वतः उठून जाऊ शकतो. फिलिप्पैतल्या त्या माणसाने काय केलं, हे कुठे नोंदलेलं नाही. त्या दोघींची नावं उरली. त्याचं नाव पौलाने लिहिलेलं नाही.